दाजींची ओसरी

फोन आला तेव्हा मी ब्लाऊजची बाही कापत होते. पुण्याहून विलास बोलत होता, माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा, आणि त्याला बोलताच येत नव्हतं. "मावशी, आबा..." एवढंच म्हणाला. मग फोन त्याच्या बायकोने घेतला आणि तिने सांगितलं. रंगनाथदाजी सकाळी शेळ्या घेऊन शिवारात गेले होते, बांधावर लिंबाच्या सावलीला टेकले, ते उठलेच नाहीत. शेळ्या आपल्या आपण घरी आल्या... मी फोन ठेवला आणि राहिलेली बाही कापून पुरी केली. का केली ते मला आजही सांगता येणार नाही. मग कोपऱ्यातल्या पोत्याकडे लक्ष गेलं. त्या पोत्यात दाजींसाठी ठेवलेल्या चिंध्या होत्या.

चिंध्यांचं आधी सांगते. बीडला माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. दरवर्षी माघात, थंडी सरायला लागली की दाजी दिंद्रुडहून एसटीने चिंध्या न्यायला यायचे, कारण चैत्राच्या आत त्यांना घराची ओसरी सजवायची असायची. बाकीच्यांच्या घरी पाडव्याआधी बायका सारवतात, रांगोळी काढतात, दाराला आंब्याचा डहाळा बांधतात. अक्काच्या घरी हे सगळं काम दाजींचं. आणि त्यात विकतचं काही आणायचं नाही, हा त्यांचा हट्ट. बाजारातल्या प्लास्टिकच्या फुलांच्या माळा दिसल्या की घासात खडा आल्यासारखं तोंड करायचे. शिवारात काय पडलंय, नदीत काय सापडतंय, माझ्या दुकानात काय उरलंय, यावरच त्यांचा सगळा वसंत उभा राहायचा. यंदाही आले होते, जाण्याच्या थोडे दिवस आधी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटून बसले. मी म्हटलं, "दाजी, रंग तर बघा की." तर म्हणाले, "रंगाचं तुमी बघा, मंगलबाई. मला खरबरीत किती हाय अन् मऊ किती, तेवढं सांगा." मी त्यांना खूप हसले. या वयात कसली लाडिक खोड लागली म्हणून चिडवलं. त्यांनी चहा बशीत ओतून संपवला, चिंध्यांचं बोचकं काखेत मारलं, आणि अजून लागतील, जमा करून ठेवा असं सांगून गेले. ती आमची शेवटची भेट. शेवटच्या भेटीत माणूस काहीतरी जड बोलून जातो म्हणतात. आमचे दाजी मखमलीच्या तुकड्यांबद्दल बोलून गेले.

अक्काचं लग्न झालं तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. दाजींचं घराणं मेंढरांमागे फिरणारं. त्यांच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात बिऱ्हाड टाकलं, पाऊस संपला की पाठीवर संसार घेऊन निघायचं आणि पुढच्या पावसाला परत यायचं. दाजी त्या घरातले पहिले एका जागी थांबलेले. थोडी जमीन केली, गावाच्या कडेला घर बांधलं, आणि घराच्या आधी म्हणे ओसरीची जागा आखली. वर पत्रे, लाकडी खांब, शेणामातीची जमीन, अंगणात उतरायला पायरी. एवढंच. पण लग्नानंतर मी पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा त्यांनी मला घर दाखवलं ते असं, की आतल्या खोल्या एका दमात दाखवून टाकल्या आणि ओसरीवर आणून उभं केलं. नुसते खांबाला हात लावून उभे राहिले. आपल्या उंबऱ्यापुढे बसायला चार हात जागा असणं ही त्या माणसाला केवढी अपूर्वाई होती, ते मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीच्या वर्षांत ती ओसरी रंगांची होती. भिंतीला पांढरी माती, खाली गेरूचा पट्टा, दाराला पळसाच्या फुलांची माळ. पळस फुलला की दाजी शेळ्या मागे टाकून झाडांखाली फुलं वेचत बसायचे आणि शेळ्या खुशाल कुणाच्या तरी हरभऱ्यात. त्यावरून गावात भांडणंही झाली. एका वर्षी त्यांच्या मनात आलं की पट्टा पिवळा पाहिजे. अक्का घरात नाही असं बघून त्यांनी वर्षाची हळद डब्यातून काढली आणि चुन्याच्या बादलीत ओतली. बादली बघता बघता लालभडक झाली. अक्का आली तेव्हा अर्ध्या भिंतीला कुंकू फासल्यासारखं झालं होतं आणि दाजी ब्रश घेऊन अगदी मन लावून पुढे फासत होते. हळदीत चुना पडला की लाल होतो हे गावातल्या बारक्या पोरीला माहीत असतं, या शहाण्याला नव्हतं. पण कबूल करायचे नाहीत. मला लालच पाहिजे होता, असं त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. अक्का इतकी हसली की तिला खांब धरून खाली बसावं लागलं. ते वर्षभर त्या घरी भाजीत हळद जरा बेतानेच पडायची आणि वाढताना अक्का त्यांच्याकडे बघून परत हसायची.

अक्काचं हसणं होतं तसंच राहिलं, नजर मात्र जाऊ लागली. आधी सुईत दोरा ओवेना, मग कडेने आलेलं माणूस दिसेना. शहरातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालत राहा म्हणाले. आम्हा सगळ्यांना एवढंच ठाऊक, की अक्काला कमी दिसतं. कमी म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारावं असं काही दिसतच नव्हतं. ती घरभर वावरायची, रांजणातून पाणी काढायची, पायरी उतरून अंगणात जायची, आल्यागेल्याला चहा करून हातात द्यायची. मी गेले की माझ्या नुसत्या चपलांच्या आवाजावरून म्हणायची, "मंगे, वाळलीस लई." आवाजावरून वाळलेली कशी कळते, असं मी विचारायचे आणि दोघं नवरा-बायको मिळून मला हसायचे.

त्याच वर्षांत ओसरी बदलत गेली. रंग कमी झाले आणि भलभलत्या वस्तू वाढल्या. दाजींनी नदीतून गोटे आणले आणि भिंतीच्या ओल्या मातीत, हाताच्या उंचीवर, दारापासून रांजणापर्यंत ओळीने दाबून बसवले. पायरीच्या आधी जमिनीतही बारीक गोट्यांची नक्षी आली. एका खांबाला त्यांनी काथ्या गुंडाळला, दुसऱ्याला माझ्या दुकानातली मखमल. दुष्काळात मेंढरं विकली होती, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या मागे राहिल्या होत्या, त्या रांजणाच्या वर टांगल्या. आणि पायरीच्या कोपऱ्यावर शिरसाच्या वाळलेल्या शेंगांचे झुपके. शिरसाच्या शेंगा फाल्गुनात वाळून खडखडीत होतात आणि जराशा झुळकीने वाजत राहतात. मी म्हटलं, "दाजी, ही ओसरी हाय का नदीचं पात्र? पयल्यासारखा रंग द्या की." ते गोट्यावरची माती पुसत म्हणाले, "रंग दोन महिन्यात उडतोय, मंगलबाई. गोटे जातेत कुठं?" मला वाटलं, म्हातारपणी माणसं भांडी साठवतात, दोऱ्या साठवतात, तसं यांचं दगड साठवणं चाललंय. दरवर्षी पाडव्याआधी मात्र सगळं नव्याने व्हायचं. निसटलेले गोटे परत बसायचे, मखमल बदलायची, शेंगा ताज्या तोडून यायच्या आणि दाराला लिंबाचा मोहर लागायचा.

चैत्रातल्या दुपारी मी त्या ओसरीवर पुष्कळ झोपले आहे. खरं तर झोप म्हणू नये त्याला... डोळा लागायचा आणि लागायचाही नाही. पत्र्यावर ऊन तापलेलं, खाली सारवलेली जमीन गार, लिंबाच्या मोहराचा तो कडवट गोड वास. झुळूक आली की आधी शेंगा खुळखुळायच्या, मग जरा वेळाने, त्यांनाही झोपेतून उठवल्यासारख्या, घंट्या हलायच्या. आपण घरात आहोत की कुठल्या तरी जुन्या कळपाबरोबर माळावरून चाललो आहोत, असा संभ्रम पडायचा. अर्धवट झोपेत मला अक्काची पावलं ऐकू यायची, दारातून निघून भिंतीच्या कडेने, हलकी, न चुकणारी. तांब्या रांजणात बुडाल्याचा आवाज यायचा. दाजी कुठेतरी शेजारीच बसलेले असायचे. मला तेव्हा वाटायचं की या घरात काळ जरा हळू चालतो. आजही शिवणयंत्रावर डुलकी आली की मी तिथेच असते.

दाजी गेले त्या दिवसापासून अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. भेटायला येणाऱ्या बायका तिच्यापुढे रडून जायच्या, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. तिला हाताला धरून न्यायचं-आणायचं आम्ही करत होतो. सगळेच तिचा हात धरत होते, त्यामुळे कुणाला वेगळं काही कळायचं कारण नव्हतं. आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर सणवार करत नाहीत. दाराला तोरण नाही, रांगोळी नाही, सजावट तर नाहीच. दहावा झाला तसं भावकीतल्या बायकांनी घर आवरायला घेतलं. पुढे धुरपदाकाकू, दाजींची चुलतभावजय, शेजारीच राहणारी, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. दुःखाच्या घरात हे लटकलेलं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी शेंगा काढल्या, घंट्या काढल्या, खांबांवरची काथ्या-मखमल सोडवली. सारवणाला अडतात म्हणून गोटेही उचकटून काढले आणि उकिरड्यावर टाकले. भिंत लिंपली, जमीन सारवली, अगदी आरशासारखी. त्यात मीही शेणाचे हात घेऊन होतेच. सगळ्यांनी ते मायेने केलं, दाजींच्या मानासाठी केलं. काम संपल्यावर काकू कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या की आता शोभतंय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगले. आम्ही चहाच्या गडबडीत असताना अक्का पहिल्यांदाच कुणाला न सांगता उठली आणि दारात आली. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं आणि हात भिंतीला लावला. हात पुढे सरकला, थांबला, मागे आला, परत पुढे गेला. पायाच्या बोटांनी ती जमीन चाचपत होती. विस्तवाजवळ गेल्यासारखा तिने पाय मागे घेतला. मी धावले. तिचा चेहरा पाहिला. असा चेहरा मी जत्रेत हरवलेल्या लेकराचा पाहिला आहे. ती हळू आवाजात म्हणाली, "मंगे... हे कुणाचं घर हाय?"

शोकाने तिचं भान गेलंय असं सगळ्यांना वाटलं. विलास तर तिला मिठी मारून रडायला लागला. मी तिच्या पावलांकडे बघत उभी राहिले. तिथे गोटे होते. जिथे तिची बोटं शोधत होती, तिथेच ते होते. आणि मग एकेक करून सगळं माझ्या डोक्यात उजेडासारखं आलं... हाताच्या उंचीवरची ओळ, पाण्यावरच्या घंट्या, पायरीच्या तोंडाशी वाजणाऱ्या शेंगा, खरबरीत किती अन् मऊ किती. आम्ही सजावट काढली नव्हती, अक्काची नजर काढून उकिरड्यावर टाकली होती. तिला कमी दिसत नव्हतं, तिला दिसतच नव्हतं. दोघांनी मिळून ते कुणाला कळू दिलं नाही. बिचारी आंधळी झाली असं कुणी म्हणू नये म्हणून त्या माणसाने सगळ्या गावादेखत, सण आहे असं सांगून, दरवर्षी बायकोची वाट नवी करून ठेवली. मला दाजींचा इतका राग आला, की मला का नाही सांगितलं. आणि इतकं प्रेम वाटलं, की मी तिथेच तोंडात पदर घालून रडले.

विलासला कळल्यावर त्याने एकच धरलं, आई आता इथे एकटी राहू शकत नाही, पुण्याला न्यायचं. त्याचं चुकत नव्हतं. मुलगा दुसरं काय म्हणणार? सून चांगली आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. अक्काने मला संध्याकाळी जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तिकडं मला बसवून ठेवतेल, मंगे. खुर्चीवर. मायेनंच बसवतेल. इथं मी चालत होते." मी विलासशी भांडले. माझा स्वभाव तापट आहे, भांडले म्हणजे चांगलीच भांडले. शेवटी तो म्हणाला की पाडव्याला मी परत येतो, तोवर आई तिच्या हाताने पाणी घेऊन, पायरी उतरून चढून दाखवेल तर राहू दे, नाहीतर त्याच दिवशी गाडीत बसवून नेणार. मी दुकान बंद ठेवलं आणि दिंद्रुडला राहिले.

अडचण होती ती भावकीची. दुखवट्याच्या वर्षात त्या घरात खांब सजवायचे म्हणजे लोक काय म्हणतील? कोण समजावणार, की ही सजावट नाही? अक्काचा आंधळेपणा गावभर सांगितल्याशिवाय ते समजावता येत नव्हतं आणि तेच तर दाजींनी इतकी वर्षं झाकलं होतं. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली की सांग धुरपदीला. मी काकूंकडे गेले आणि दारातच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर त्या ओसरीसमोर उभ्या, पदराची झोळी करून. उकिरडा उपसून त्यांनी गोटे वेचून आणले होते, धुऊन. ते अंगणात ओतले आणि म्हणाल्या, "मी काढलेत, मीच बशीवते. कुणी काय म्हणलं तर मला पाठवा त्याला." मग चिखल कालवायला बसल्या.

गोटे किती अंतरावर होते ते आम्हा दोघींना माहीत नव्हतं. ते अक्कालाच माहीत होतं, तेही डोक्यात नाही, हातात. ती भिंतीला हात लावून चालायची आणि जिथे हात थांबायचा तिथे काकू गोटा दाबायच्या. चुकला की अक्का म्हणायची, जरा अलीकडं. मी बीडला जाऊन ते चिंध्यांचं पोतं घेऊन आले आणि एक खांब काथ्याने, दुसरा मखमलीने गुंडाळला. शिरसाच्या शेंगा आणायला मीच झाडाखाली गेले आणि पळस फुललेला बघून तिथे उगाच बसून राहिले. घंट्या काकूंनी फेकल्या नव्हत्या, जपून गाठोड्यात ठेवल्या होत्या. पहिल्या काही दिवसांत अक्का दोनदा धडपडली आणि मला वाटलं, नाही जमत. आपण वस्तू परत लावल्या, पण लावणारा हात कुठून आणणार? मग एका दुपारी मी ओसरीवर आडवी असताना डोळा लागला, झुळूक आली, शेंगा वाजल्या, आणि अर्धवट झोपेत मला भिंतीच्या कडेने ती पावलं ऐकू आली. हलकी. रांजणात तांब्या बुडाला. मी डोळे उघडलेच नाहीत, कारण उघडले असते तर मी ओरडले असते.

पाडव्याला त्या घरी गुढी नव्हती, गोड नव्हतं. विलास सकाळी आला तो गाडी अंगणाबाहेर लावून तसाच उभा राहिला. अक्काला तो आल्याचं कळलं होतं. ती दारातून निघाली, भिंतीवर बोटं टेकवत रांजणापाशी आली, त्याच्यासाठी पाणी काढलं, मखमलीच्या खांबाला वळली, जमिनीतली नक्षी पायाला लागताच थांबली, आणि पायरी उतरून तांब्या त्याच्यापुढे धरला. थेंबभर पाणी सांडलं नाही. विलास पाणी प्यायला. मग त्याने गाडीतली आईसाठी रिकामी आणलेली बॅग काढलीच नाही.

जरा वेळाने त्यालाही हुरूप आला. आता मी काहीतरी करतो म्हणाला. शेंगांची एक माळ उरली होती, ती घेऊन तो ओसरीभर जागा शोधू लागला. मखमलीच्या खांबाच्या पलीकडे भिंतीचा एक तुकडा कोरा होता. आम्ही तिथे काही लावलं नव्हतं, कारण अक्काचा हात तिथे कधी थांबलाच नव्हता. विलास म्हणाला की इथे फार मोकळं दिसतंय, इथेच बांधतो. अक्का पायरी चढून वर आली आणि तिने त्याचा हात धरला.

"तिथं न्हाई, बाबा. तिथं त्यांनी कधीच काई लावलं न्हाई. हात मोकळा पडला की मला कळतंय, हे इथं बसलेत."

विलासने माळ खाली ठेवली. अक्का भिंतीला धरून हळूच बसली, त्या मोकळ्या जागेच्या शेजारी, जरा सरकून, दुसऱ्या माणसाला बसता येईल एवढं अंतर सोडून.